मध्यंतराच्या अलीकडे

साताऱ्याच्या थेटरात, चौथ्या रांगेत बसून
मी मेलो, मध्यंतराच्या अलीकडे.
छातीत दोन, पोटात एक.
पडता पडता टोपी सावरली
आणि म्हणालो, 'मॅडम, तुम्ही आत जा.'
शेजारी मालन पदर तोंडाला लावून रडत होती.
तिच्या हातात माझा उजवा हात,
डाव्यात माझ्या मक्याच्या लाह्यांचा पुडा.

पोपट मदने, बक्कल नंबर अकराशे सत्तेचाळीस,
सेवानिवृत्त. गुडघे सोडले तर तब्येत बरी.

सिनेमा खरा आहे, असं सुरुवातीलाच लिहून आलं.
मग येरळा दाखवली,
तर तिच्यात पाणी!
अहो, वडूजच्या शेंबड्या पोराला विचारा,
येरळा अशी भरून वाहिली असती
तर तिची वाळू कुणी उपसली असती?
ती कृष्णा होती, वाईची. घाट मी ओळखला.
तलाठी बाईंच्या जागी नटी,
माझ्या जागी जाड मिशांचा कुणी पुण्याचा,
आणि नदीच्या जागीसुद्धा
दिसायला बरी अशी दुसरी नदी.

धमक्याही वाढवल्या होत्या.
पाऊस, तलवारी, जीपच्या टपावर सातजण
आणि ढोल. धमकी आली की ढोल.
इंदुमती खाड्यांच्या दारात कधी ढोल वाजला नाही.
एकदा उंबऱ्यावर नारळ, हळदकुंकू लावलेला.
एकदा लग्नपत्रिका आली,
वधूच्या जागी त्यांचं नाव, वराची जागा कोरी,
मुहूर्त पुढच्या मंगळवारचा.
एकदा पोराला रिक्षावाल्यानं सहज विचारलं,
'आई कितीच्या एसटीनं येती रं?'
बस्स.
भाजी निवडताना बाईंचा हात थांबायचा,
परत चालू व्हायचा.
हे पडद्यावर कसं दाखवणार?

दोन वर्षं त्यांच्या ओसरीवर बसलो.
तीस गोळ्या सही करून घेतल्या,
तीस सही करून परत दिल्या.
एकोणतीसचा पाढा पाठ झाला,
पोराचा नाही, माझा.

आणि ती रात्र.
ती सिनेमात आहे. सिनेमात तीच तर आहे.
टिपर आला, दारासमोर थांबला,
दिवे बंद, इंजिन चालू.
फळीवरची भांडी एकमेकींना लागून किणकिणायला लागली.
मी खाटेवर. रायफल हाताशी.
पायांना म्हटलं, उठा.
पाय म्हणाले, तू कोण?
दहा मिनिटं गेली. चार असतील कदाचित.
मग बाई आतून आल्या,
गाऊनवर टॉवेल, हातात बॅटरी,
माझ्या खाटेला वळसा घालून गेल्या
झोपलेल्या पोराला घालावा तसा.
नंबर प्लेटला चिखल फासला होता,
तो टॉवेलानं पुसला, सावकाश,
वर काचेआड कुणाची तरी विडी पेटलेली असताना,
आणि आकडे एका जुन्या सातबाऱ्याच्या पाठीवर उतरवून घेतले.
टिपर गेला.
'झोपा,' म्हणाल्या.

सिनेमाचा लेखक वडूजला आला होता, चष्मेवाला पोरगा.
मी म्हटलं, बाईंनाच विचारा, मला नीट आठवत नाही.
बाईंनी काय सांगितलं
ते मला चौथ्या रांगेत कळलं:
हवालदार दारात उभे होते.

सुटल्यावर भेटल्या जिन्यापाशी.
आता मेढ्याला असतात.
डोक्यावरचे केस पांढरे झालेत,
कोर्टातली केस अजून तारखेवर.
दोन दिवसांपूर्वी परत एक नारळ आला म्हणाल्या,
आणि हसल्या, 'पण तुम्ही छान मेलात हो, मदने.'
मालन त्यांच्या पाया पडली.
मी काहीतरी बोलणार होतो,
तेवढ्यात त्यांनी पर्समधून चावी काढली.

मी वाकलो. गुडघे कुरकुरले.
स्कूटीच्या खाली पाहिलं, चाकांत, सीटखाली,
रोज पाहायचो तसं.
बाई थांबल्या, रोज थांबायच्या तशा.
'काही नाही,' मी म्हटलं,
आणि थोडा वेळ
वाकलेलाच राहिलो.